भुलीचे थेंब : उपयोग आणि मर्यादा

मानवी शरीरात वेदनेची जाण सर्वांत तीव्र कोठे असते, असा प्रश्न विचारला तर बहुतेक लोक दाताचे किंवा नखाखालच्या जागेचे नाव घेतील. शरीरशास्त्राचे उत्तर मात्र वेगळे आहे. डोळ्याच्या दर्शनी भागावर घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक आणि किंचित फुगीर पडदा असतो, त्यात मज्जातंतूंची टोके कातडीच्या मानाने काही शे पटींनी अधिक दाट पसरलेली असतात. शास्त्रीय मराठीत या पडद्याला स्वच्छमंडल म्हणतात. रुग्णालयात तो कॉर्निया या नावाने ओळखला जातो. धुळीचा एखादा कण, जो तळहातावर पडला तर जाणवतही नाही, तो स्वच्छमंडलावर बसला की माणूस हातातले काम टाकून डोळा चोळू लागतो.

अशा या अवयवाला स्पर्श करावा, त्यात रुतलेला कण काढावा, किंबहुना त्याला छेद देऊन आतील गढूळ भिंग बाहेर काढावे, आणि रुग्णाने ते शांतपणे करू द्यावे, ही गोष्ट आज नित्याची झाली आहे. ती शक्य होते ती एका लहानशा कुपीतील औषधामुळे. त्याला बोलीत भुलीचे थेंब म्हणतात. बंगळूर शहरात या थेंबांचे जवळजवळ सर्व उपयोग एकत्र पाहावयास मिळतात. तेथे शंभराहून अधिक वर्षांचे जुने सरकारी नेत्ररुग्णालय आहे, कारखान्यांत काम करणारा मोठा कामगारवर्ग आहे, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे डोळे तपासण्याची एक उल्लेखनीय योजनाही याच शहरातून चालते. परंतु याच औषधाची दुसरी बाजूही आहे. डॉक्टरांच्या हातात जे औषध पंधरा मिनिटांसाठी उपकारक ठरते, तेच रुग्णाच्या खिशात चार दिवस राहिले तर डोळा गमावण्याची पाळी येऊ शकते. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम वेदनेचे प्रयोजन समजून घेतले पाहिजे.

वेदना : डोळ्याचा पहारेकरी

स्वच्छमंडलाची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर प्रकाश आरपार गेला नसता. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यत्वे हवेतून, अश्रूंच्या पातळ थरामार्फत मिळतो. सर्वांत बाहेरचा पेशींचा थर पाच-सहा पेशींइतकाच जाड असतो. परंतु रोगजंतूंना आत शिरू न देणारा तट तोच. त्याच्याखाली तंतूंचा जाड थर असतो आणि सर्वांत आतल्या बाजूस एकेरी पेशींचे एक नाजूक अस्तर असते.

मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पाचव्या जोडीच्या शाखा स्वच्छमंडलात येऊन पसरतात. त्यांचे काम तीन प्रकारचे आहे. पहिले म्हणजे, काहीही टोचताच त्या पापणी क्षणार्धात मिटवतात. दुसरे, त्या अश्रूंचा ओघ सुरू करतात आणि कण वाहून जावा अशी व्यवस्था करतात. तिसरे काम कमी परिचित असले तरी तितकेच महत्त्वाचे आहे : या तंतूंतून पाझरणाऱ्या द्रव्यांवर बाहेरच्या थरातील पेशींचे आरोग्य अवलंबून असते. कुष्ठरोगात किंवा नागिणीच्या विषाणूमुळे ज्यांच्या डोळ्यांची जाण मंदावते, त्यांच्या स्वच्छमंडलावर वेदनारहित जखमा होतात आणि त्या भरून येण्याचे नाव घेत नाहीत. वेदना हा तेथे शत्रू नसून पहारेकरी असतो. भुलीचा थेंब म्हणजे या पहारेकऱ्याला काही काळ झोपी घालणे होय.

व्हिएन्नातील शोध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत डोळ्यावरील शस्त्रक्रिया रुग्णाच्या सहनशक्तीवर अवलंबून असे. ईथर आणि क्लोरोफॉर्म यांचा शोध लागून काही दशके लोटली होती. तथापि शुद्ध हरपवणारी ही औषधे नेत्रशस्त्रक्रियेस फारशी सोयीची नव्हती. शुद्धीवर येताना रुग्णास उलट्या होत आणि त्या ताणाने डोळ्याची ताजी जखम उसवण्याचे भय असे. त्या काळी ती जखम शिवण्यास योग्य असे सूक्ष्म धागेही उपलब्ध नव्हते. शिवाय शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाने सांगितलेल्या दिशेला पाहणे शल्यचिकित्सकास हवे असे, आणि बेशुद्ध रुग्णाकडून ते होणे शक्य नव्हते.

दक्षिण अमेरिकेतील कोका या झुडपाच्या पानांपासून कोकेन हे द्रव्य वेगळे काढण्यात आल्र्बेट नीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८६०च्या सुमारास यश आले होते. ते जिभेवर ठेवले असता जीभ बधिर होते, हेही त्याच्या ध्यानात आले होते. परंतु या निरीक्षणाचा उपयोग करून घेण्याचे जवळजवळ पाव शतक फारसे कोणाला सुचले नाही. १८८४ साली व्हिएन्नातील तरुण डॉक्टर सिग्मुंड फ्रॉइड, जो पुढे मनोविश्लेषणाचा प्रणेता म्हणून जगप्रसिद्ध झाला, कोकेनच्या परिणामांचा अभ्यास करीत होता. त्याचे लक्ष थकवा आणि खिन्नता यांवरील परिणामांकडे होते. त्याचा सहकारी कार्ल कोलर याला नेत्रवैद्यक व्हावयाचे होते आणि डोळा बधिर करणाऱ्या औषधाचा तो पूर्वीपासून शोध घेत होता. फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूला भेटण्यासाठी हॅम्बुर्गकडे गेला असता कोलरने प्रयोगशाळेत कोकेनचे द्रावण बेडकाच्या डोळ्यात घातले. थोड्याच वेळात बेडूक डोळ्याला स्पर्श केला तरी स्तब्ध राहू लागला. मग इतर प्राण्यांवर प्रयोग झाले आणि अखेरीस कोलरने व त्याच्या सहकाऱ्याने ते द्रावण स्वतःच्याच डोळ्यांत घातले. आरशासमोर उभे राहून त्यांनी टाचणीच्या डोक्याने स्वच्छमंडलावर दाब दिला. वेदना झाली नाही.

१५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्ग येथील नेत्रवैद्यकांच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला. प्रवासाचा खर्च परवडत नसल्याने कोलर स्वतः तेथे जाऊ शकला नाही. त्याचा निबंध दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखविला. काही आठवड्यांतच ही वार्ता युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांत पोचली. शुद्धीवर असलेल्या रुग्णाचा केवळ एक अवयव बधिर करता येतो, ही कल्पनाच वैद्यकात नवी होती. दातांपासून पाठीच्या कण्यापर्यंत आज जी स्थानिक भूल दिली जाते, तिचा उगम अशा रीतीने डोळ्यात घातलेल्या एका थेंबात आहे.

कोकेनचे दोष मात्र लवकरच उघडकीस आले. त्याने व्यसन जडे, बाहुली विस्फारे, आणि स्वच्छमंडलाचा बाहेरचा थर धुरकट होऊन सुटू लागे. म्हणून रसायनशास्त्रज्ञ पर्यायाच्या शोधास लागले. आल्फ्रेड आइनहॉर्न याने तयार केलेले प्रोकेन १९०५ मध्ये वापरात आले. दंतवैद्यकात त्याने क्रांती केली, पण डोळ्याच्या पृष्ठभागातून ते नीट आत शिरत नसे. पुढे टेट्राकेन, लिग्नोकेन आणि १९५०च्या दशकात प्रोपॅराकेन ही औषधे आली. आज भारतातील नेत्ररुग्णालयांत जी कुपी सर्वाधिक दिसते ती बहुधा प्रोपॅराकेनच्या अर्धा टक्का द्रावणाची असते. लिग्नोकेनचे चार टक्क्यांचे थेंबही वापरात आहेत.

थेंब काम कसे करतो

मज्जातंतूतून जाणारा संदेश हा एक प्रकारचा विद्युत्प्रवाह असतो. तंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. संदेश येताच ती उघडतात, बाहेरचे सोडियमचे विद्युत्भारित कण आत घुसतात, आणि त्या उलथापालथीने पुढची दारे उघडतात. एका टोकाला लावलेली बत्ती वातीवरून पुढे सरकत जावी, तसा हा संदेश मेंदूपर्यंत पोचतो. भुलीच्या औषधाचा रेणू या दारांत जाऊन बसतो आणि ती उघडू देत नाही. टाचणी टोचते, तंतूचे टोक ती टोचणी टिपते. पण वार्ता पुढे जात नाही.

त्या दारापर्यंत पोचणे हेच अवघड असते. स्वच्छमंडलाचा बाहेरचा थर स्निग्ध पदार्थांना वाट देतो, पाण्यात विरघळणाऱ्यांना अडवितो. त्याच्याखालचा तंतुमय थर नेमका उलट वागतो. या औषधांचे रेणू दोन रूपांत असतात, एक विद्युत्भाररहित आणि दुसरे भारयुक्त, आणि ती एकमेकांत सहज पालटतात. भाररहित रूपात औषध बाहेरचा थर ओलांडते, भारयुक्त रूपात दाराला अडसर घालते. ही दोन्ही कामे ज्यास चांगली जमतात तेच डोळ्यात घालण्यास योग्य ठरते. प्रोकेन उणे पडले ते याच कारणाने.

थेंब पडताच प्रथम थोडी चुरचुर होते. अर्ध्या मिनिटाच्या आत ती थांबते आणि डोळा जड झाल्यासारखा किंवा पापणी लाकडी झाल्यासारखी वाटते. प्रोपॅराकेनचा अंमल साधारणपणे पंधरा ते वीस मिनिटे टिकतो. थेंबाचा बराचसा भाग गालावर ओघळतो किंवा अश्रुनलिकेवाटे नाकात उतरतो. घशाशी कडवट चव येते ती यामुळेच. रुग्णांचा एक गैरसमज येथे दूर करावयास हवा. भुलीच्या थेंबाने दृष्टी जात नाही आणि डोळ्याची हालचालही थांबत नाही. तपासणीनंतर दोन-चार तास जे अंधुक दिसते आणि उजेड सोसवत नाही, तो परिणाम बाहुली मोठी करणाऱ्या दुसऱ्या थेंबांचा असतो. ही दोन औषधे पुष्कळदा एकापाठोपाठ घातली जातात, त्यामुळे एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला जातो.

तपासणीच्या खोलीत

बंगळुरातील मिंटो नेत्ररुग्णालयाचा आरंभ १८९६ साली, म्हणजे कोलरच्या शोधानंतर बाराच वर्षांनी, एका लहान दवाखान्याच्या रूपात झाला. पुढे १९१३ मध्ये त्यास स्वतंत्र इमारत मिळाली आणि माजी व्हाइसरॉयचे नाव देण्यात आले. म्हैसूर संस्थानाच्या काळापासून गोरगरीब रुग्णांचा आधार असलेल्या अशा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात भुलीच्या थेंबांचे काम सकाळपासूनच सुरू होते.

पहिला उपयोग काचबिंदूच्या तपासणीचा. काचबिंदूत डोळ्याच्या आतील दाब बहुधा वाढलेला असतो आणि रुग्णाला काहीही न जाणवता दृष्टीची मज्जा झिजत जाते. हा दाब मोजण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे एका लहान पारदर्शक टोकाने स्वच्छमंडलाचा ठराविक भाग सपाट करणे आणि त्यासाठी किती जोर लागला ते पाहणे. हान्स गोल्डमन या स्विस नेत्रतज्ज्ञाने १९५०च्या दशकात हे उपकरण तयार केले. ते डोळ्याला प्रत्यक्ष टेकते. भुलीच्या थेंबाविना रुग्ण क्षणभरही डोळा उघडा ठेवू शकणार नाही.

दुसरा उपयोग कण काढण्याचा. १९७०च्या दशकापासून वाढत गेलेली पीण्या औद्योगिक वसाहत ही बंगळूरच्या वायव्येस आहे. लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंग यांची असंख्य लहान दुकाने तेथे आहेत आणि उत्तर कर्नाटकातून व अन्य राज्यांतून आलेले कामगार तेथे राबतात. ग्राइंडरच्या चाकावरून उडालेला तप्त लोखंडी कण स्वच्छमंडलात रुतला की त्याच्याभोवती थोड्याच काळात गंजाचे कडे धरते. कारखान्यात अशा वेळी एखादा जुना जाणता सहकारी रुमालाच्या टोकाने किंवा टाचणीने तो कण काढू पाहतो. रुग्णालयात हेच काम भुलीचा थेंब घालून, सूक्ष्मदर्शकाखाली, निर्जंतुक सुईने होते आणि गंजाचे कडेही खरवडून काढले जाते.

तिसरा उपयोग आणीबाणीचा आहे. तंबाखूबरोबर खाण्याच्या चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागते, ती दाबली जाते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुन्याचा दाह खोलवर जातो. यावर पहिला आणि तातडीचा उपाय एकच : डोळा जागच्या जागी स्वच्छ पाण्याने निदान पंधरा ते तीस मिनिटे धुणे. कोणतेही थेंब शोधण्यात वेळ दवडू नये. परंतु वेदनेने मूल पापणी घट्ट मिटून घेते आणि पापणीखाली दडलेले चुन्याचे कण तसेच राहतात. रुग्णालयात पोचल्यावर डॉक्टर भुलीचा थेंब घालतात तो वेदना थांबविण्यासाठी जितका, तितकाच पापणी उलटून आतील कण वेचता यावेत यासाठी.

चौथा उपयोग निदानाचा असून तो विशेष मार्मिक आहे. लाल, दुखऱ्या डोळ्यात थेंब घालताच वेदना नाहीशी झाली, तर तिचे कारण पृष्ठभागावर आहे असे समजावे. ती तशीच राहिली, तर दुखणे खोल आहे. कदाचित आतील दाब एकाएकी वाढला असेल, कदाचित बुबुळाला सूज असेल. मात्र स्वच्छमंडलाची जाण शाबूत आहे किंवा नाही हे कापसाच्या धाग्याने पाहावयाचे असेल तर ते थेंब घालण्यापूर्वी पाहावे लागते. एकदा पहारेकरी झोपला की त्याची परीक्षा घेता येत नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया

कर्नाटकात नेत्रचिकित्सेचा विषय निघाला की डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी यांचे नाव अपरिहार्यपणे पुढे येते. १९१६ ते २००५ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या शल्यचिकित्सकाने गावोगाव नेत्रशिबिरे भरविली आणि बंगळुरात रुग्णालय उभारले. एकाच दिवसात ८३३ शस्त्रक्रिया करण्याचा विक्रम त्यांच्या नावावर नोंदला गेला आहे. रस्ते आणि रुग्णालये नसलेल्या मुलखात, शाळेच्या किंवा धर्मशाळेच्या ओसरीवर अशा शस्त्रक्रिया होऊ शकल्या, त्यामागे स्थानिक भुलीचा मोठा वाटा आहे. प्रत्येक रुग्णास बेशुद्ध करावे लागले असते, तर शिबिर ही कल्पनाच अशक्य ठरली असती.

त्या काळच्या पद्धतीत थेंबांवर भागत नसे. मोठा छेद घेऊन संपूर्ण भिंग बाहेर काढावे लागे. त्यासाठी डोळ्याची हालचाल थांबविणे आवश्यक असे, आणि थेंबांनंतर नेत्रगोलकाच्या मागे सुईने औषध टोचले जाई. हे इंजेक्शन कुशल हातांत सुरक्षित असले तरी त्यात रक्तस्रावाचा किंवा क्वचित नेत्रगोलकालाच सुई लागण्याचा धोका असतो. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकी तज्ज्ञाने ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची पद्धत पुढे आणली. छेद लहान होत दोन-तीन मिलिमीटरवर आला आणि १९९०च्या दशकात केवळ थेंबांच्या भुलीवर मोतीबिंदू काढण्याची प्रथा रूढ होऊ लागली. सुई नाही, पट्टी बहुधा नाही, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

तथापि ही पद्धत प्रत्येकास मानवणारी नाही. डोळा बधिर असला तरी हलू शकतो. म्हणून रुग्णाचे सहकार्य हीच अर्धी भूल ठरते. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याकडे एकटक पाहत राहणे, न खोकणे, मान न हलविणे या गोष्टी रुग्णाने करावयाच्या असतात. बंगळुरात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी बोलणारे रुग्ण एकाच रांगेत बसलेले असतात. अशा ठिकाणी ‘बेळकु नोडि’, म्हणजे ‘उजेडाकडे पाहा’, हे दोन शब्द रुग्णाच्या भाषेत सांगता येणे हेही शल्यकौशल्याचेच अंग होते. बहिरे, अतिशय घाबरट, सतत डोके हलणारे रुग्ण किंवा अतिशय पिकलेला, कठीण मोतीबिंदू असेल तेव्हा इंजेक्शनची भूलच श्रेयस्कर मानली जाते.

अपुऱ्या दिवसांची बाळे

भुलीच्या थेंबांचा सर्वांत नाजूक उपयोग सर्वांत लहान रुग्णांसाठी होतो. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातील दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. काही बाळांत त्या वेड्यावाकड्या वाढतात, दृष्टिपटल ओढले जाऊन सुटते आणि मूल कायमचे आंधळे होते. हा विकार वेळीच ओळखला तर लेसर किरणांनी किंवा इंजेक्शनने पुष्कळदा दृष्टी वाचविता येते. पण वेळ फार थोडा असतो. भारतातील संकेतांनुसार दोन किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासले जावेत.

ही तपासणी करू शकणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच असतात आणि बाळे जिल्ह्याजिल्ह्यांत जन्मतात. यावर उपाय म्हणून बंगळूरच्या नारायण नेत्रालयाने २००८ मध्ये ‘किड्रॉप’ ही योजना सुरू केली. प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन जिल्ह्यांतील नवजात शिशुविभागांत जातात, डोळ्याच्या आतील भागाची छायाचित्रे घेतात, आणि ती बंगळुरातील तज्ज्ञ दूर अंतरावरून पाहून निर्णय देतात. कॅमेऱ्याचे टोक बाळाच्या डोळ्याला टेकवावे लागते, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या धराव्या लागतात. भुलीच्या थेंबाविना हे करणे निर्दयपणाचे झाले असते.

मात्र या थेंबांनी बाळाचा सारा त्रास दूर होतो असे नाही. दाब, उजेड आणि जखडले जाणे यांनी बाळ रडतेच. म्हणून त्याला घट्ट गुंडाळणे, साखरेच्या पाण्याचे दोन थेंब जिभेवर देणे असे साधे उपायही जोडीला योजले जातात. आईला हे आधी समजावून सांगितले, तर बाळाच्या रडण्याने घाबरून ती तपासणी अर्धवट सोडून जात नाही.

कुपी घरी जाते तेव्हा

आता या औषधाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. वेल्डिंगची ठिणगी पाहताना ज्याने काळी काच धरली नाही, त्याला दिवसा काही होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यासारखे वाटते, पाणी वाहते आणि डोळा उघडवत नाही. अतिनील किरणांनी स्वच्छमंडलाचा बाहेरचा थर भाजलेला असतो. अशा कामगाराच्या डोळ्यात दवाखान्यात भुलीचा एक थेंब घातला की यातना जादूसारखी थांबते. तो कुपीचे नाव लक्षात ठेवतो, किंवा कुपीच मागून घेतो. येथेच अनर्थाला सुरुवात होते.

वीस मिनिटांनी वेदना परत येते, तो पुन्हा थेंब घालतो. भाजलेला थर एरवी एक-दोन दिवसांत आपोआप भरून आला असता, कारण कडेच्या पेशी सरकत जाऊन जखम झाकतात. भुलीचे औषध नेमके या पेशींचे सरकणे आणि विभाजन रोखते. मज्जातंतूंकडून मिळणारे पोषणही खुंटते. पापणी पुरेशी मिटत नाही, अश्रू कमी येतात, डोळा कोरडा पडतो. रुग्णाला कळतही नाही आणि तो चोळून चोळून जखम वाढवितो. जखम वाढली की भुलीचा अंमल ओसरताच यातना पहिल्यापेक्षा तीव्र होते, आणि थेंबांमधील अंतर कमी होत जाते. अशा रीतीने जे औषध तो वेदनेवरचा उपाय समजतो तेच वेदनेचे कारण बनलेले असते.

काही दिवसांत स्वच्छमंडलात पांढुरके कडे दिसू लागते. असेच कडे एका विशिष्ट जंतुसंसर्गातही आढळते, त्यामुळे डॉक्टरांचीही दिशाभूल होऊ शकते. विशेषतः रुग्णाने थेंबांची गोष्ट लपविली असेल तर. पुढे तंतुमय थर वितळू लागतो आणि काही डोळ्यांना भोक पडते. या टप्प्यावरही थेंब बंद केल्यास अनेक डोळे सावरतात, पण पुष्कळांवर कायमचा पांढरा डाग राहतो. म्हणून बऱ्या न होणाऱ्या जखमेच्या रुग्णास डॉक्टर जेव्हा विचारतात की घरी कोणते थेंब घालता, तेव्हा घरातील प्रत्येक कुपी आणून दाखविणे यातच रुग्णाचे हित असते.

यासंबंधी अलीकडे झालेला एक विचारही नमूद केला पाहिजे. स्वच्छमंडल केवळ खरचटले असेल, तर पहिल्या चोवीस तासांपुरते अत्यल्प प्रमाणात हे थेंब रुग्णास द्यावेत की काय, यावर काही देशांत अभ्यास झाले. त्यांच्या आधारे अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकांच्या संघटनेने २०२४ मध्ये काटेकोर अटींवर तशी मुभा दिली आहे. परंतु ही मुभा तपासलेल्या, साध्या जखमेपुरती, मोजक्या थेंबांपुरती आणि एकाच दिवसापुरती आहे. रुतलेला कण, जंतुसंसर्ग, काँटॅक्ट लेन्सची जखम किंवा दाहक द्रव्याची इजा यांना ती लागू नाही. ज्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणीस येणे कामाच्या खाड्यामुळे जमत नाही, त्याच्या बाबतीत जुना नियमच शहाणपणाचा ठरतो : कुपी डॉक्टरांच्या टेबलावरच राहावी. घरी वेदनेसाठी गोळ्या, जखमेवर मलम किंवा प्रतिजैविक थेंब आणि डोळ्याला विश्रांती एवढे बहुधा पुरे होते.

थेंब घातल्यानंतरची पथ्ये थोडी आणि सोपी आहेत. पंधरा-वीस मिनिटे डोळा चोळू नये. जाण परत येईपर्यंत काँटॅक्ट लेन्स घालू नये, धुळीत जाऊ नये. पूर्वी अशा औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील तर आधी सांगावे. आणि दुखणे अंमल ओसरल्यावर परत आले तर ते औषध निकामी झाल्याचे लक्षण समजू नये. पहारेकरी कामावर परतला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हरवलेले स्वच्छमंडल

ज्याचे स्वच्छमंडल डागाळले त्याला दृष्टी मिळण्याचा मार्ग बहुधा एकच उरतो, तो म्हणजे मृत व्यक्तीने दान केलेल्या स्वच्छमंडलाचे रोपण. कन्नड चित्रपटसृष्टीतील थोर नट राजकुमार यांनी आपल्या नेत्रदानाचा संकल्प केला होता आणि १२ एप्रिल २००६ रोजी त्यांच्या निधनानंतर तो पार पडला. त्यांचे पुत्र पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अकाली निवर्तले. त्यांच्या दोन डोळ्यांतील स्वच्छमंडलांचे बाहेरचे व आतले थर वेगळे करून बंगळुरात चार जणांवर रोपण करण्यात आले. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचा संकल्प करणाऱ्यांची रीघ लागली.

अर्ध्या मिलिमीटरच्या एका पडद्याचे दोन भाग करून दोन माणसांना पुरविण्याइतकी दक्षता ज्या गोष्टीसाठी घ्यावी लागते, ती किती दुर्मीळ असेल हे सांगावयास नको. रोपण हा इलाज असला तरी मूळच्या निरोगी पडद्याची सर त्याला येत नाही. त्यानंतर वर्षानुवर्षे औषधे घालावी लागतात आणि शरीराने तो पडदा नाकारण्याचे भय राहते. वेल्डरच्या डोळ्यापुढे वेळीच धरलेली काळी काच आणि ग्राइंडरवर लावलेला साधा चष्मा यांनी ही सारी परंपरा मुळातच टळते. ते टळले नाही, तर भुलीच्या थेंबाने डॉक्टरांना काही मिनिटांची उसंत मिळते. त्या उसंतीत कण निघतो, दाब मोजला जातो, भिंग बदलले जाते, बाळाची दृष्टी वाचते. जखम भरून काढण्याचे काम मात्र तो थेंब करीत नाही. ते डोळा स्वतःच करतो, आणि त्यासाठी त्याला त्याची जाण परत मिळावी लागते.